फॉर्मवर एक बाळ, घरात तीन : आयाच्या एजन्सीचे पैसे परत मिळतील का?

सोलापुरातल्या जुळे सोलापूर भागातून एका ताईंचा मेसेज आलाय, नावं बदलली तर हाच मेसेज मला महिन्यातून दोन-तीनदा येतो. मोठी मुलगी दोन वर्षांची, तिच्या पाठची जुळी तेव्हा पाच महिन्यांची, नवरा-बायको दोघंही नोकरीला. एजन्सीला 30,000 सर्व्हिस चार्ज भरला, अकरा महिन्यांचा करार केला, आया आली आणि सतराव्या दिवशी निघून गेली. एजन्सी दुसरी बाई पण देईना आणि पैसे पण देईना. ताई विचारतात की सगळे पैसे वसूल होतील का, आणि बाई 5,000 ॲडव्हान्स घेऊन पळाली म्हणून पोलिसात तक्रार देऊ का.

ताई, करार वाचून सही करायची असते वगैरे मी बोलत बसत नाही. तुम्ही पाठवलेल्या सगळ्या पानांत केस ठरवणारी ओळ एकच आहे, सहावी अट. फॉर्ममध्ये लिहिल्यापेक्षा जास्त मुलं सांभाळायला लावली तर सर्व्हिस तिथंच संपली, बदली बाई नाही, रिफंड नाही. आणि फॉर्मवर मुलांच्या रकान्यात काय लिहिलंय, तर 1. एका बाळाचा चार्ज 30,000, दोन किंवा जास्त असतील तर 42,000, आणि तुम्हीच लिहिलंय की एजन्सीचा माणूस घरी येऊन तिन्ही पोरं बघून गेला, वर म्हणाला एकच टाका ताई, बाई ॲडजस्ट करते. बारा हजार वाचतात म्हणून तुम्ही हो म्हणालात. मला याचा खरंच राग येतो, कारण ॲडजस्ट तुम्ही पण करणार नव्हता आणि तो माणूस पण करणार नव्हता, करणार होती ती बाई, आणि तिला विचारलंच नाही कुणी. पाच महिन्यांची दोन बाळं म्हणजे एक झोपलं की दुसरं उठणार, बाटल्या उकळा, दूध पाजा, ढेकर काढा, लंगोट बदला, तेवढ्यात मोठी पळत गॅसपाशी. हे एका माणसाचं काम नाही, आई घरात असताना सुद्धा नाही.

तरी केस संपलेली नाही. एजन्सीच्या माणसाला सहीच्या आधीच माहीत होतं की पोरं तीन आहेत, हे दाखवता आलं तर सहाव्या अटीच्या आड लपणं एजन्सीला जड जाईल. पण हे तोंडी सांगून भागणार नाही. व्हॉट्सॲपवर त्याला मुलांची वयं किंवा फोटो पाठवले होते का बघा, तुम्ही फोन बदललाय म्हणता तर जुन्या फोनमध्ये, बॅकअपमध्ये शोधा, मिस्टरांच्या फोनमध्ये पण शोधा, सोसायटीच्या गेटवरच्या रजिस्टरला त्याच्या नावाची एंट्री असेल तर तिचा फोटो काढून ठेवा. चॅटच्या प्रिंटबरोबर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या (नवा पुरावा कायदा) कलम 63 चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं सर्टिफिकेट लागतं, जुन्या कायद्यात ज्याला 65-ब म्हणायचे ते, वकील करून देईल. आणि तक्रारीत खरं लिहा, बारा हजारांचं पण लिहा. तुम्ही लपवलंत तर एजन्सी पहिल्याच तारखेला रेट कार्ड काढणार आणि मग तुमच्या बाकीच्या खऱ्या गोष्टींवर पण कोणी विश्वास ठेवणार नाही.

तक्रार सोलापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगातच करता येते. करारात फक्त पुणे कोर्ट असं छापलंय त्याला घाबरू नका, 2019 च्या ग्राहक कायद्यात तक्रारदार राहतो तिथं दाद मागता येते, आणि 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी पण नाही. फक्त तक्रार सेवेतली त्रुटी आणि अनुचित व्यापारी प्रथा म्हणून मांडा. हा करारच अन्यायकारक आहे असं मुख्य म्हणणं केलंत तर तो विषय राज्य आयोगाकडे जातो आणि मग तुम्ही सोलापूरबाहेर चकरा मारत बसाल. मुदत दोन वर्षांची आहे, बाई जाऊन वीस महिने झालेत. एजन्सीवाले पुढच्या आठवड्यात देतो म्हणत होते हे कारण उशीर माफ करून घ्यायला फार कामाचं नाही, म्हणून या आठवड्यातच एजन्सीला नोटीस जाऊ दे, स्पीड पोस्टनं आणि ईमेलनं. निकाल तीन महिन्यांत व्हावा असं कायद्यात लिहिलंय, पण नुसती आयोगाची नोटीस बजावून समोरचा हजर होईपर्यंतच कितीतरी महिने जातात हे मी रोज बघतो, तेव्हा मध्येच एजन्सीनं बरी रक्कम देऊ केली तर विचार करा. किती मिळेल ते मी आकड्यात सांगणार नाही. सतरा दिवसांची सेवा देऊन अकरा महिन्यांचा चार्ज ठेवून घेणं आयोगाला पटणं अवघड आहे, पण सही तुमची पण आहे, म्हणून पूर्ण 30,000 ची आशा मी लावणार नाही.

आता पोलिसातल्या तक्रारीचं. अजिबात करू नका. बाईनं नुसतं काम सोडणं हा सहसा गुन्हा ठरत नाही, आणि ॲडव्हान्स दिलाय म्हणून तिला परत आणून कामाला बसवणं तर 1976 च्या वेठबिगारी विरोधी कायद्याकडे जाणारी गोष्ट आहे. आधी हिशोब करा. पगार ठरला होता 12,000, म्हणजे दिवसाचे 400, सतरा दिवसांचे 6,800. ॲडव्हान्स 5,000. म्हणजे ती पैसे घेऊन पळालेली नाही, तिचेच 1,800 तुमच्याकडे आहेत, वीस महिन्यांपासून.

आणि शेवटी तुम्ही सहज लिहून गेलात ते, की तिचं ओरिजिनल आधार कार्ड अजून तुमच्या कपाटात आहे. ते ठेवून घ्यायचा तुम्हाला काही अधिकार नव्हता. त्या बाईला ना तो इंग्रजी फॉर्म वाचता येत होता ना मराठी धड, घरी कन्नड बोलणारी, आली तीच एका बाळासाठी म्हणून. एजन्सीला नोटीस जायच्या आधी कोणाला तरी तिच्याकडे अक्कलकोटला पाठवा, कार्ड आणि 1,800 रुपये तिच्या हातात द्या आणि मिळाल्याची चिठ्ठी तिला वाचता येईल अशा कन्नडमध्ये लिहून घ्या.