एकदा तळ्यात, एकदा मळ्यात

प्रश्न : नमस्कार मॅडम. मी ऐरोलीला राहते, बारावी सायन्स, ग्रुप पीसीबी. नीटचा क्लास ठाण्यात स्टेशनजवळ, म्हणजे रोज ट्रान्स-हार्बरने जा-ये. आई नर्स आहे, बाबा रबाळे एमआयडीसीत. मला लहानपणापासून ड्रॉइंग आवडतं, इंटरमिजिएटला ए ग्रेड होती, दहावीला त्याचे ७ मार्क पण मिळाले, ट्रेनमध्ये झोपलेल्या लोकांची स्केचेस काढायची सवय आहे (कोणाला कळत नाही). बायो पण खरंच आवडतं, घरच्यांनी लादलंय असं अजिबात नाही. गेल्या हिवाळ्यात आम्ही खाडीत बोटीतून फ्लेमिंगो बघायला गेलो होतो, घरी येऊन चित्र काढायला बसले तर पाय जमेचनात, नुसत्या काठ्या ठोकल्यासारखे दिसत होते, मग शोधलं तेव्हा कळलं की मध्ये तो उलटा वाकतो तो गुडघा नसतोच, घोटा असतो, खरा गुडघा वर पिसांत लपलेला. ते कळल्यावर रात्री दीड वाजेपर्यंत पायच काढत बसले आणि दुसऱ्या दिवशी फिजिक्सच्या टेस्टची पार वाट लागली. आई म्हणते आधी डॉक्टर हो, चित्रं कुठे पळून जात नाहीत. ड्रॉइंगचे सर म्हणतात डिझाइनची एंट्रन्स दे. क्लासच्या टेस्टला ७२० पैकी ४१० ते ४३० येतात. सकाळी वाटतं डॉक्टर, संध्याकाळी वाटतं आर्ट. दोन्ही येईल असा एखादा कोर्स असतो का? प्लीज सांगा.
— गोंधळलेली, ऐरोली

उत्तर : अगं, तुझं तळ्यात-मळ्यात चाललंय, आणि आमच्या ठाण्यात तळ्यांना तोटा नाही, त्यामुळे अशी पत्रं मला दर महिन्याला येतात. मी २६ वर्षं ज्युनिअर कॉलेजात बायो शिकवलं, तेव्हा आधी खडूस मॅडमसारखं एक बोलून घेते. टेस्टच्या आदल्या रात्री फ्लेमिंगो काढायचा नसतो. झालं, बोलून झालं.

आता त्याच फ्लेमिंगोबद्दल. तुझ्या पत्रात तेवढा एकच भाग असा आहे जिथे तू कोण काय म्हणतं ते न सांगता स्वतः काय केलंस ते सांगितलंयस, म्हणून मी तो दोनदा वाचला. चित्र चुकत होतं म्हणून तू हाड शोधलंस. हाड सापडल्यावर काय केलंस? परत चित्राकडे आलीस. आता माझ्या वर्गात अशाही मुली होत्या की ज्या घोट्यापाशी थांबल्या नसत्या, मग बगळ्याचं पण असंच का, कोंबडीचं काय, घोड्याच्या पायात नक्की कुठलं हाड कुठे, आणि एवढ्या बारीक पायावर तो तासन्‌तास उभा राहतो तर दमत कसा नाही, असं करत मला स्टाफरूमपर्यंत पिडलं असतं. त्यांची जर्नल्स बघवायची नाहीत, किडनी काढली की बटाटा वाटायचा, पण प्रश्न संपायचे नाहीत. तुला बायो आवडतं हे खरंच आहे, फक्त मला असं दिसतंय की ते तुला चित्रासाठी आवडतं. एका रात्रीवरून अख्खं आयुष्य ठरवू नकोस, माझं वाचणं चुकीचं पण असेल, पण अशा अजून दोन-तीन रात्री आठवून बघ आणि प्रत्येक वेळी शेवटी तू कुठे जाऊन बसलीस ते बघ.

दुसरं, मार्क. हे कोणी तुला तोंडावर सांगणार नाही म्हणून मी सांगते. ४१०-४३० वर ओपनमधून सरकारी एमबीबीएस लागत नाही. नीट मेमध्ये आहे, अजून आठ महिने आहेत, मार्क वाढतील, वाढावेतच. पण आज ह्या घडीला तुझ्यासमोर ‘एमबीबीएस की डिझाइन’ असा प्रश्नच नाहीये. प्रश्न असा आहे की प्रायव्हेटची फी, किंवा बीडीएस-बीएएमएस (दातांचा नाहीतर आयुर्वेदाचा डॉक्टर), किंवा एक वर्ष ड्रॉप घेऊन परत नीट, हे सगळं एका बाजूला आणि डिझाइन किंवा फाइन आर्ट दुसऱ्या बाजूला. घरात ‘डॉक्टर’ हा एकच शब्द फिरत असतो आणि प्रत्येकाच्या डोक्यात त्याचं चित्र वेगळं असतं. आईबाबांसोबत बसून आधी हे बोला की नक्की कुठला डॉक्टर, कुठलं कॉलेज, किती फी, आणि पहिल्या झटक्यात नाही लागलं तर काय.

आणि ड्रॉपवरून सांगते, ही गोष्ट पालकांना सहसा माहीत नसते. नीट कितीही वेळा देता येते, वयाची वरची अट पण आता नाही. आयआयटीच्या बी.डेससाठी, म्हणजे डिझाइनच्या डिग्रीसाठी, जी यूसीड परीक्षा असते ती मात्र जास्तीत जास्त दोनदाच, लागोपाठच्या वर्षांत, आणि बारावी त्याच वर्षी किंवा आदल्या वर्षी झालेली असली तरच. म्हणजे तू नीटसाठी दोन ड्रॉप घेतलेस तर यूसीडचं दार तोपर्यंत बंद झालेलं असतं, नीटचं उघडंच असतं. आई म्हणते ना चित्रं पळून जात नाहीत, चित्रं नाही पळत गं, पण अ‍ॅडमिशन पळते. (उलट बाजू पण सांगायला हवी. कागदावर नीट कधीही देता येते, पण चार वर्षं डिझाइन करून परत फिजिक्स-केमिस्ट्री उघडणारं माझ्या तरी बघण्यात कोणी नाही.)

तारखा मात्र तुझ्या बाजूने आहेत. यूसीडचा फॉर्म ऑक्टोबरात, परीक्षा जानेवारीत, निफ्टची (फॅशन-डिझाइनची सरकारी संस्था) साधारण फेब्रुवारीच्या आसपास, मग बोर्ड, मग नीट. निफ्टचं कॅम्पस तर तुझ्या नवी मुंबईतच, खारघरला. बीएफएसाठी, म्हणजे फाइन आर्टच्या डिग्रीसाठी, राज्याची वेगळी सीईटी असते, त्यात बसून प्रत्यक्ष चित्रं काढायची असतात, मेमरी ड्रॉइंग वगैरे, तुझ्या ट्रेनमधल्या झोपाळूंनी तुझी तयारी कधीच करून घेतलीय. आणि मुंबईचं जे.जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ पासून आहे, आता डीम्ड युनिव्हर्सिटी झालंय, तेव्हा तिथली ह्या वर्षीची अ‍ॅडमिशनची पद्धत त्यांच्याच नोटिशीत वाच, कोणाच्या दादाने सांगितलं म्हणून बसू नकोस. कुठलाही पेपर नीटच्या अंगावर येत नाही. तेव्हा यूसीडचा फॉर्म भर. डगमगायला नंतर पण वेळ आहे, फॉर्मची लास्ट डेट गेली की मग काही नाही.

आता ‘आधी डॉक्टर हो, मग हवं ते कर’. ठाण्यात हे वाक्य जरा जास्तच चालतं कारण आपल्याकडे नाट्यगृहालाच नट काशिनाथ घाणेकरांचं नाव, आणि ते डेंटिस्ट होते. मग श्रीराम लागूंचं नाव निघतं, मग मोहन आगाशेंचं, दोघंही डॉक्टर आणि नट. बरोबरच आहे सगळं. पण डॉ. लागू कान-नाक-घशाची प्रॅक्टिस सोडून पूर्णवेळ नाटकात आले ते १९६९ मध्ये, तेव्हा चाळिशी उलटली होती. आणि ज्यांनी डॉक्टर होऊन रंगांची पेटी माळ्यावर टाकली त्यांची नावं आपल्याला कशी कळणार? माझी एक विद्यार्थिनी आहे, फार सुंदर हात होता तिचा, आता फिजिशियन आहे, मागे तिच्याकडे गेले होते तर पेशंटला समजावताना तिने केसपेपरच्या मागे बॉलपेनने जठर काढलं, खाली ग्रहणी (लहान आतड्याची सुरुवात), त्यावर अल्सरचा एक छोटा खड्डा, तीन रेघांत सगळं. तो माणूस कागद घडी घालून खिशात ठेवून गेला. मी विचारलं, अजून काढतेस? म्हणाली, मॅम एवढंच काढते. दुःखी वगैरे नव्हती हं, मजेत होती. तुला ‘एवढंच’ चालेल का ते तुझं तू बघ.

उलटी गोष्ट पण ऐक. मेडिकलची मुलं ज्याचा अ‍ॅनाटॉमीचा अ‍ॅटलस बघून शिकतात तो अमेरिकेतला फ्रँक नेटर (जन्म १९०६), तो आधी चित्रकारच होता, पोटापुरतं कमवत पण होता, आईच्या हट्टापायी डॉक्टर झाला, १९३१ ला डिग्री घेतली, आणि तेव्हा मंदी अशी होती की पेशंटकडून पैसे येईनात आणि औषध कंपन्या चित्रांचे पैसे द्यायला तयार. शेवटी प्रॅक्टिस सोडून आयुष्यभर शरीराची चित्रं काढली, सुमारे ४०००. म्हणजे आईचं ऐकलं ते पण कामी आलं आणि नाही ऐकलं ते पण, ह्याच्यातून काय घ्यायचं ते घे.

राहिला तुझा खरा प्रश्न, दोन्ही येईल असं काही. असतं. बीडीएसला पहिल्या वर्षी मेणाच्या ठोकळ्यातून दात कोरायला लावतात, आणि पुढे प्रोस्थोडॉन्टिक्सवाले (कृत्रिम दात बसवणारे) कृत्रिम डोळा बनवतात तेव्हा त्याचं बुबुळ दुसऱ्या डोळ्याशी जुळवून हाताने रंगवतात. ऑक्युपेशनल थेरपीत पेशंटच्या हाताच्या मापाचे स्प्लिंट (आधाराच्या पट्ट्या) करायचे असतात. हाजी अलीला केंद्र सरकारची संस्था आहे तिथे कृत्रिम हातपाय बनवण्याची डिग्री होते, प्रोस्थेटिक्स आणि ऑर्थोटिक्स. हे सगळे कोर्स आपल्याकडे नीटच्या स्कोअरवर. फक्त मेडिकल इलस्ट्रेशन म्हणून बघायचं तर अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला १९११ पासून त्याचा अख्खा विभाग आहे, तिथे मास्टर्सला पोर्टफोलिओ पण बघतात आणि बायो पण. म्हणजे डिझाइन किंवा फाइन आर्ट केलंस तरी बायो सोडायची गरज नाही. पण हे कोर्स स्वतःसाठी आवडले तर घे. आई पण खूश, सर पण खूश आणि मला काही ठरवायला नको, अशा हिशोबाने घेतलास तर दोन डगरींवर हात ठेवून मधल्यामध्ये लोंबकळशील, अशा केसेस मी बघितल्यात.

दिवाळीच्या सुट्टीत दोन कामं कर. आईच्या नाइट ड्युटीनंतर, ती झोपून उठली की, तिला विचार पहाटे तीनला इंटर्न काय करत असतात. डॉक्टर लोकांना वाचवतात वगैरे नको, त्या रात्री नेमकं काय केलं, किती वेळा रक्त काढलं, किती फॉर्म भरले, कोणाची बोलणी खाल्ली. तुझ्या घरात ही माहिती फुकट आहे आणि तू मला विचारत बसलीयस! दुसरं, डिझाइनला असलेल्या कोणालातरी गाठ आणि त्याचं शेवटचं असाइनमेंट बघ, फायनल नाही, आधीचे रिजेक्ट झालेले सगळे कागद. मग तोच फ्लेमिंगोचा पाय घेऊन वीसदा काढ, दुसऱ्याने सांगितलेल्या करेक्शनप्रमाणे, आवडत नसलेल्या रंगात. एमबीबीएस इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं, पुढे पीजी अजून तीन, बी.डेस किंवा बीएफए चार. ह्यातलं कुठलं कंटाळवाणं काम तू कुरकुर करत का होईना पण रोज करशील, ते बघ. आवडीचं काम काय, कोणीही करतं.

आणि नीटचा अभ्यास सोडू नकोस, क्लासची फी भरलीय बाबांनी.

प्रश्न : माझा मुलगा दहावीत आहे. चित्रकला उत्तम. कधी डॉक्टर म्हणतो, कधी आर्किटेक्ट. अकरावीला सायन्स घेऊन मॅथ्स सोडायचं म्हणतोय, त्याऐवजी आयटी. घेऊ द्यावं का?
— एक वडील, कळवा

उत्तर : नको. आर्किटेक्टचं नाव घरात निघतंय तोपर्यंत तरी मॅथ्स सोडू देऊ नका. बी.आर्कला नाटा ही परीक्षा असते आणि बारावीला फिजिक्स आणि मॅथ्स दोन्ही लागतात, नुसत्या पीसीबीवर होत नाही. चित्र कितीही छान असू दे. दरवर्षी कोणीतरी बारावीनंतर हे कळून माझ्याकडे येतं आणि तेव्हा मी काहीच करू शकत नाही. मॅथ्स आणि बायो दोन्ही ठेवायला सांगा, जड जातं, खोटं नाही बोलत, पहिली टर्म तर रडवते. यूसीड, निफ्टची बी.डेस आणि बीएफए ह्यांच्या परीक्षांना बसायला मॅथ्सची अट नाही, त्यामुळे त्याचा कल नुसता चित्राकडे दिसला तर नंतर बघता येईल.

आणि दादा, त्याच्या इंटरमिजिएटचं तुम्ही काहीच लिहिलं नाहीत. झाली असेल तर ए ग्रेडला ७, बी ला ५, सी ला ३ असे वाढीव मार्क दहावीत मिळतात, पण प्रस्ताव शाळेकडून जावा लागतो. सर्टिफिकेटची झेरॉक्स घेऊन ह्याच आठवड्यात शाळेत जाऊन या.