हार्ट्स ऑफ आयर्न ४ या दुसऱ्या महायुद्धावरच्या संगणकीय खेळात जर्मनी घेऊन ब्रिटनवर उतरताना सैन्य किनाऱ्यावरच का संपते?

तुमच्या प्रश्नातली अडचण दुहेरी आहे. फ्रान्स पडल्यावर तुम्ही जर्मनीकडून ब्रिटनवर समुद्री स्वारीचा बेत आखता, तेव्हा एकतर आरमारी वर्चस्व, म्हणजे त्या पाण्यात शत्रूपेक्षा अधिक नौदलबळ, नसल्याचा लाल इशारा कायम राहतो आणि स्वारी बंदरातून सुटतच नाही. आणि कधी सुटलीच, तर डोव्हरजवळ उतरलेल्या डिव्हिजन (सैन्याच्या मोठ्या तुकड्या) दोन-तीन आठवड्यांत उपाशी पडून नष्ट होतात. या दोन्ही अडचणींचे मूळ एकच आहे, असे माझे मत आहे. तुमची सगळी तयारी उतरण्याच्या दिवसासाठी असते, आणि उतरल्यानंतरच्या महिन्याभरासाठी समुद्र कोण राखणार याचा विचार मागे राहतो. बेटावरची लढाई जमिनीवर दिसते, पण तिचा निकाल बेट आणि तुमचे बंदर यांच्यामधल्या पाण्यावर लागतो.

हे केवळ खेळाचे गणित नाही. १९७४ साली ब्रिटनमधल्या सँडहर्स्ट येथील लष्करी अकादमीत ‘सी लायन’ या ब्रिटनवर उतरण्याच्या जर्मन योजनेचा युद्धखेळ घेण्यात आला होता आणि त्याच्या पंचांमध्ये जर्मन बाजूचे लढाऊ वैमानिक अ‍ॅडॉल्फ गॅलंड यांच्यासारखे प्रत्यक्ष त्या युद्धात लढलेले अधिकारी होते. त्या खेळात पहिली जर्मन लाट किनाऱ्यावर उतरली आणि थोडी आतही शिरली. पुढे ब्रिटिश आरमार इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यामधल्या खाडीत (इंग्लिश चॅनेलमध्ये) आले, दुसरी लाट आणि रसद अडली, आणि उतरलेल्या सुमारे ९० हजार सैनिकांपैकी जेमतेम १५ हजार परत गेले. तुमच्या डोव्हरच्या डिव्हिजनांचे जे होते ते हेच. फरक एवढाच की प्रत्यक्ष हिटलरने १६ जुलै १९४० रोजी योजनेचा आदेश काढला आणि १७ सप्टेंबरला ती बेमुदत लांबणीवर टाकली, तर तुमच्याजवळ वेळही आहे आणि हाती असलेले आरमार जपण्याची संधीही आहे.

आता खेळाकडे येऊ. आवृत्ती बदलली की आकडे बदलतात, म्हणून मी येथे आकड्यांपेक्षा क्रमावर भर देतो. पहिली गोष्ट म्हणजे स्वारी कोणत्या बंदरातून निघते. विल्हेल्म्सहाफेन या जर्मन बंदरातून बेत आखला तर मार्गात उत्तर समुद्राचे विभागही येतात, आणि वाटेतल्या प्रत्येक सागरी विभागात वर्चस्व असल्याशिवाय स्वारी सुटत नाही. लाल इशाऱ्यावर माउस नेला की नेमका कोणता विभाग अडवतो आहे ते कळते. बहुतेक वेळा तो खाडीचा नसून वाटेतला असतो. म्हणून फ्रान्स हाती येताच सैन्य कॅले, डंकर्क किंवा शेरबूर येथे आणावे आणि बेत तेथूनच नव्याने आखावा. मग लढायला एकच विभाग उरतो, तो म्हणजे इंग्लिश चॅनेल. बेताच्या तयारीला जे दिवस लागतात ते डिव्हिजनांच्या संख्येबरोबर वाढतात, पण या काळात वर्चस्व असण्याची गरज नसते, ते फक्त सुटण्याच्या वेळी लागते. म्हणजे आधी सैन्याला बंदरात बसवून तयारी पूर्ण करून घ्यावी आणि आरमार त्यानंतर बाहेर काढावे. बरेच खेळाडू नेमके उलटे करतात आणि तयारीचे दिवस भरेपर्यंत जहाजे आणि इंधन दोन्ही गमावून बसतात.

जहाजे किती पुरतील, हा पुढचा प्रश्न. ब्रिटनच्या आरमाराशी समोरासमोर बरोबरी करण्याच्या नादाला लागू नये. १९४० पर्यंत ती होत नाही आणि त्या हव्यासात रणगाड्यांचे कारखाने उपाशी राहतात. ब्रिटनची जहाजे भूमध्य समुद्रापासून हिंदी महासागरापर्यंत विखुरलेली असतात, तुमची मात्र एका विभागात एकवटता येतात, आणि वर्चस्व त्या एका विभागापुरतेच मोजले जाते. त्यासाठी जहाजे शिल्लक हवीत. प्रत्यक्षात जर्मनीने एप्रिल १९४० च्या नॉर्वे मोहिमेत नार्विकला १० विनाशिका गमावल्या आणि ‘ब्ल्यूखर’ ही जड क्रूझर ऑस्लोच्या खाडीत बुडाली. सी लायनच्या वेळी आरमाराकडे उरलेच फार थोडे. खेळात नॉर्वेची मोहीम टाळता येते किंवा लांबवता येते, आणि ब्रिटन हेच उद्दिष्ट असेल तर मी ती टाळण्याच्याच मताचा आहे. ‘मॅन द गन्स’ हा विस्तार असेल तर पाणबुड्यांकरवी खाडीत आधीपासून सुरुंग पेरत राहावे. ते वर्चस्वाच्या हिशेबात धरले जातात आणि त्यांना इंधन लागत नाही.

येथे एक विषयांतर करतो, कारण मराठी खेळाडूंच्या मनात ही कल्पना येतेच. १६७९ साली शिवाजी महाराजांच्या माणसांनी मुंबईच्या तोंडाशी असलेल्या खांदेरी बेटावर तळ ठोकला, तेव्हा इंग्रजांच्या मोठ्या जहाजांनी वेढा दिला असतानाही थळच्या किनाऱ्यावरून लहान, वल्ह्यांच्या होड्या रात्री सामान पोचवत राहिल्या आणि बेट टिकले. ही युक्ती खेळात चालत नाही. वर्चस्वाच्या मोजणीत मोठ्या आणि खर्चिक जहाजाचे वजन अधिक धरले जाते, आणि रात्रीच्या अंधारातून निसटणारी होडी त्या हिशेबात नाहीच. या बाबतीत खेळ इतिहासापेक्षा कोता आहे, पण नियम तेच असल्यामुळे त्यांनुसारच चालावे लागते.

खरे काम मात्र विमानांकडून होते आणि या भागावर तुम्ही सर्वांत अधिक लक्ष द्यावे. उत्तर फ्रान्स आणि बेल्जियममधले विमानतळ खाडीला इतके लागून आहेत की कमी पल्ल्याची लढाऊ विमानेही खाडीचा सगळा विभाग व्यापू शकतात. दक्षिण इंग्लंडच्या आकाशात घुसून ब्रिटिश विमानदलाशी झुंजण्याची घाई करू नये. खाडीच्या हवाई विभागातच लढाऊ विमाने ठेवावीत, तेथील हवाई वर्चस्व मिळवावे, आणि मग त्यांच्या छायेत नाविक बॉम्बर विमानांना जहाजांवरच्या हल्ल्याची कामगिरी द्यावी. ही विमाने स्वारीच्या निदान दोन-तीन महिने आधीपासून कामाला लावलेली असावीत. खाडीत आलेले प्रत्येक ब्रिटिश गस्ती पथक थोडे थोडे झिजते, खराब झालेली जहाजे दुरुस्तीसाठी बंदरात जातात, आणि ज्या दिवशी तुमचे आरमार बाहेर पडते त्या दिवशी समोर पूर्ण बळाचे आरमार नसते. विमानतळाची क्षमता तेवढी तपासून घ्यावी. एका तळावर क्षमतेपेक्षा जास्त विमाने कोंबली तर कार्यक्षमता घसरते, आणि नकाशावर दिसणारी शेकडो विमाने प्रत्यक्षात अर्धवटच काम करतात. फ्रान्स पडल्यानंतरचे पहिले बांधकाम मी तरी उत्तर फ्रान्समधल्या विमानतळांवरच खर्च करीन, कारखान्यांवर नव्हे.

आता कोठे उतरावे याविषयी. थेट बंदरावर चाल करण्याचा मोह सर्वांना होतो, कारण बंदर मिळाले की रसद सुरू होते. पण संगणकाकडून खेळणारा ब्रिटन आपले किनारी सैन्य बहुधा बंदरांतच बसवतो, आणि समुद्रातून येणाऱ्या हल्ल्याला मोठा दंड असतो, म्हणजे हल्ल्याची ताकद बरीच कमी धरली जाते. १९ ऑगस्ट १९४२ रोजी मित्रराष्ट्रांनी फ्रान्सच्या दिएप बंदरावर असाच थेट हल्ला केला, तेव्हा धाडीत सामील झालेल्या सुमारे ५ हजार कॅनेडियन सैनिकांपैकी ९०० हून अधिक मारले गेले आणि त्याच्या दुपटीहून अधिक कैद झाले. त्यानंतर नॉर्मंडीच्या वेळी मित्रराष्ट्रांनी बंदर सोडून मोकळे किनारे निवडले आणि तात्पुरती बंदरे स्वतःच बांधून नेली. तुम्हीही बंदराच्या शेजारच्या, शक्यतो मोकळ्या प्रांतांत दोन्ही बाजूंनी उतरावे आणि मग बंदरावर जमिनीच्या बाजूने चाल करावी. तेव्हा समुद्री हल्ल्याचा दंड लागत नाही, आणि दोन दिशांनी हल्ला असल्यामुळे एकाच वेळी अधिक डिव्हिजन लढाईत उतरतात.

डोव्हर सर्वांत जवळ आहे हे खरे, परंतु जवळचे म्हणजे सोयीचे असे नाही. तेथे लंडनकडची सगळी कुमक तुमच्यावर येते. मी स्वतः प्लिमथ आणि पोर्ट्समथ ही दोन उद्दिष्टे पसंत करतो. प्लिमथच्या मागचा नैऋत्य इंग्लंडचा भाग चिंचोळा आहे, तीन बाजूंना समुद्र असल्यामुळे शत्रू मुख्यतः पूर्वेकडूनच येऊ शकतो, आणि थोड्या डिव्हिजनांवर तेथे आघाडी धरता येते. पोर्ट्समथची स्वारी त्याच्या चार-पाच दिवस नंतर सोडावी, म्हणजे पश्चिमेकडे धावलेली ब्रिटिश कुमक वाटेत असतानाच तिच्या पाठीमागे दुसरे सैन्य उतरते. हे दोन्ही बेत आधीच वेगवेगळ्या सैन्यांकडे आखून ठेवलेले असावेत. पहिली स्वारी उतरल्यावर दुसरीची तयारी सुरू केली तर तोवर उशीर झालेला असतो.

पहिल्या लाटेत रणगाडे नेऊ नयेत. उतरताना ते दंडाने पांगळे होतात आणि उतरल्यावर इंधनावाचून उभे राहतात. मरीन डिव्हिजन (समुद्रातून किनाऱ्यावर उतरण्यासाठी तयार केलेल्या) जितक्या मिळतील तितक्या पुढे, त्यांच्यामागे साधे पायदळ, एवढेच पुरते. रणगाडे बंदर हाती आल्यावर थेट बंदरात उतरवावेत. मोठ्या युद्धनौका किनाऱ्यालगतच्या पाण्यात असतील तर त्यांचा तोफमारा लढाईत आपोआप धरला जातो. छत्रीधारी सैनिकांविषयी फारसा उत्साह बाळगू नये. रिकाम्या विमानतळावर किंवा बंदरावर एखादी डिव्हिजन टाकणे उपयोगी ठरते, पण वाहतूक विमानांचा खर्च पाहता त्याच कारखान्यांतून नाविक बॉम्बर काढलेले बरे.

बंदर हाती येताच खेळ पॉज करावा आणि रसदेचा नकाशा उघडावा. नोव्हेंबर २०२१ मध्ये रसदेची पद्धत बदलल्यापासून बंदराची पातळी, रसदकेंद्रे आणि रेल्वे यांवर सगळे अवलंबून आहे, आणि लढाईत घेतलेले बंदर बहुधा मोडलेल्या स्थितीत मिळते. म्हणून दुरुस्तीला प्राधान्य द्यावे आणि बंदर जितके सैन्य पोसू शकते तितकेच उतरवावे. येथे अनेक जण घाईने २० डिव्हिजन ओततात. त्या एकाच बंदरावर जगत नाहीत, सगळ्यांचीच शक्ती घसरते आणि मग संख्येने कमी असलेला शत्रूही त्यांना मागे रेटतो. दुसरे बंदर मिळेपर्यंत लंडनकडे धावू नये. या काळात आरमार परत बोलावण्याची चूकही होते, कारण सैन्य तर उतरले असे वाटते. पण आता रसद वाहणारे कॉन्व्हॉय (मालवाहू जहाजांचे ताफे) त्याच खाडीतून रोज जात असतात, आणि विमाने व जहाजे हटवली की ब्रिटिश विनाशिका आठवड्याभरात परत येतात. कॉन्व्हॉयचा साठाही आधीच वाढवून ठेवावा. जर्मनीकडे ते सुरुवातीला बेताचेच असतात, स्वारीत काही अडकतात, काही बुडतात, आणि ते संपले तर बंदर असूनही रसद पोचत नाही.

दोन बंदरे आणि त्यांना जोडणारी रेल्वे हाती आली की पुढचे काम सोपे आहे. रणगाडे आणून लंडन घ्यावे, आणि तेथे न रेंगाळता बर्मिंगहॅम, मँचेस्टर व लिव्हरपूलकडे जावे, कारण एकट्या लंडनच्या पाडावाने ब्रिटन शरण येत नाही. स्कॉटलंडची शहरे गरज पडली तरच. काळाच्या दृष्टीने सांगायचे तर १९४० च्या उन्हाळ्यात फ्रान्स पडला असेल आणि विमानांचे काम लगेच सुरू केले असेल, तर १९४१ चा वसंत ही स्वारीसाठी योग्य वेळ आहे. सोव्हिएत आघाडी त्याआधी उघडू नये आणि अमेरिका युद्धात उतरेपर्यंत थांबूही नये, कारण तिची जहाजे व विमाने खाडीत आल्यावर वरच्या सगळ्या हिशेबाची मांडणी नव्याने करावी लागते. आणि सगळे सैन्य इंग्लंडात नेताना फ्रान्सच्या किनाऱ्यावरील बंदरांत थोडे राखीव पायदळ जरूर ठेवावे. शेरबूर रिकामे दिसले तर संगणकही तेथे उतरायला कमी करत नाही.