‘गुमनाम’सारख्या जुन्या थ्रिलरचा नंतरच्या पॉप कल्चरवर काही परिणाम झाला का, की ती नुसती कॉपीच?

‘नुसती कॉपी’ हे शब्द वाचले आणि राहवलं नाही, कारण हेच वाक्य मी आमच्या फोंड्याच्या घरी जेवणाच्या पानावर ऐकलंय.

आधी कॉपीचं उरकून टाकतो. गोष्ट उचललेली आहेच. अगाथा ख्रिस्तीची १९३९ची कादंबरी, एका बेटावर माणसं अडकतात आणि एकेक करून मरतात, तीच घेऊन राजा नवाथेंनी १९६५ला ‘गुमनाम’ केला. ‘गुमनाम है कोई’ची चाल पण ‘शराड’ (१९६३) ह्या हॉलिवूडच्या पिक्चरमधल्या हेन्री मॅन्सिनीच्या चालीवरून घेतलीय, आणि ते गायलंय कोणी, तर आमच्या मंगेशीच्या दीनानाथांच्या लेकीने, लताने. हे सगळं माहीत असूनही मी म्हणतो की परिणाम झाला, आणि तो तुम्ही विचारताय त्यापेक्षा खूप लांबवर झाला.

माझा आतेभाऊ पुण्याला असतो. इफ्फी, म्हणजे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, गोव्यात आल्यापासून नोव्हेंबरात त्याचा मुक्काम आमच्याकडे. दिवसभर पणजीला पिक्चर बघायचे आणि रात्री जेवताना आम्हाला वर्ल्ड सिनेमा शिकवायचा. एकदा टीव्हीवर ‘गुमनाम’ लागला होता तर म्हणाला, बंद कर रे, चोरीचा माल. आणि त्याच जेवणात टेरी झ्विगॉफच्या ‘घोस्ट वर्ल्ड’ची (२००१) तारीफ सुरू, काय तो पिक्चर, काय ती सुरुवात! आता ज्यांनी बघितलाय त्यांना माहितीय त्या सुरुवातीला काय आहे. कॅमेरा रात्री एका बिल्डिंगच्या खिडक्यांवरून सरकत जातो आणि शेवटी एका खोलीत एनिड नावाची पोरगी टीव्हीवर बघत बघत एकटीच बेभान नाचतेय, आणि टीव्हीवर ‘जान पहचान हो’ चालू आहे, ‘गुमनाम’मधलं, रफीसाहेबांच्या आवाजात. म्हणजे ज्या सुरुवातीवर हा फिदा, ती उभीच आपल्या गाण्यावर आहे! मी हे म्हटलं तर म्हणतो, ते त्यांनी गंमत म्हणून वापरलंय. मला ते लागलं. ती पोरगी त्या गाण्याची टिंगल करत नाही, तिच्या आसपासच्या मिळमिळीत जगात तिला जीव असलेली एकच गोष्ट सापडलीय आणि ती जीव तोडून नाचतेय.

आमच्या गावात एक म्हातारे व्हायोलिनवाले होते, सगळे त्यांना मेस्त म्हणायचे. लहानपणी चर्चच्या शाळेत नोटेशन शिकले, मग मुंबईला जाऊन स्टुडिओत वाजवलं आणि म्हातारपणी परत आले. मी हार्मोनियमवाला, भजन आणि नाट्यसंगीत, नोटेशन थोडंफार शिकलो ते त्यांच्याकडेच. त्या वादानंतर मी लॅपटॉप घेऊन त्यांच्याकडे गेलो आणि हे गाणं लावलं. पडद्यावर लक्ष्मी छाया सोनेरी झालरीच्या ड्रेसमध्ये, सगळ्यांच्या डोळ्यांवर मास्क, टेड लायन्सचा बँड, आणि रफींच्या आवाजावर ओठ हलवणारा हर्मन बेंजामिन, ज्याने तो डान्स बसवला तोच. मेस्त म्हणाले, पिक्चर बंद कर, फक्त आयक. मग डोळे मिटून आरामखुर्चीच्या हातावर बोटाने ठेका. प्रत्येक वेळी ब्रास, म्हणजे ट्रम्पेटसारखी पितळी वाद्यं, यायच्या एक मात्रा आधीच त्यांचं बोट वर गेलेलं असायचं. ह्या रेकॉर्डिंगला ते नव्हते, तसं त्यांनी सरळ सांगितलं, पण म्हणाले, असं लिहिणारा माणूस एकच, सेबॅस्टियन.

सेबॅस्टियन डिसोझा म्हणजे ‘गुमनाम’चे संगीतकार शंकर-जयकिशन यांचे अरेंजर, गोंयकार, म्हणजे आमच्या गोव्याचे. फाळणीआधी लाहोरला बँड चालवायचे, मग मुंबईला आले. चाल सुचायची संगीतकाराला, पण कुठे गिटार, कुठे व्हायोलिन, कुठे ब्रास, कोणाखाली कोणते सूर हे सगळं कागदावर उतरवायचं काम ह्या अरेंजर लोकांचं, आणि ठेक्याची बाजू बघायला दत्ताराम. स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेघांवरची पाश्चात्त्य स्वरलिपी, लिहिता-वाचता येणारे बरेचसे आमच्या गावागावांतल्या चर्चच्या शाळांतून गेलेले. पोस्टरवर त्यांचं नाव कधी आलं नाही.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. थ्रिलरमधली गोष्ट फार लांब जात नाही, खुनी कळला की ती संपते. पुढे जातो तो आवाज. ‘सायको’तला (१९६०) बाथरूमचा सीन हिचकॉकला संगीताशिवायच हवा होता, संगीतकार बर्नार्ड हरमनने तरी व्हायोलिनं किंचाळायला लावली आणि आज पिक्चर न बघितलेलं पोरही सुरी उगारल्याची अ‍ॅक्शन करताना तोच आवाज काढतं. ‘जॉज’चे (१९७५) दोन सूर तसेच. ‘जान पहचान हो’ तर २०११ला हाइनेकेन बिअरच्या जाहिरातीत जगभर वाजलं, आणि ऐकणाऱ्यांतल्या कितीतरी जणांना नंदा कोण, मेहमूद कोण, धुमाळ कोण हेही माहीत नसणार.

आता कोणी म्हणेल ख्रिस्तीबाईंचं काय. बरोबर आहे, गोष्टीचं श्रेय द्यायला हवं होतं, त्याची बाजू मी घेत नाही. आणि बँडमध्ये सगळे गोंयकारच होते असंही नाही, पारशी होते, इतर बरेच होते.

तुम्हाला खरंच समजून घ्यायचं असेल तर ‘गुमनाम’ आणि ‘घोस्ट वर्ल्ड’ दोन्ही पिक्चर बघाच, पण त्याआधी ‘जान पहचान हो’ एकदा चित्र न बघता ऐका. आणि कोणी कॉपी म्हटलं की त्याला विचारा, चाल राहू दे, अरेंज कोणी केलं ते सांग. दादा, हे वाचत असशील तर तुलाही तेच विचारतोय, यंदा इफ्फीला आलास की उत्तर घेऊन ये.