तडा पसरतो, जातो की सरकतो?

प्रश्न सोलापुरात सिव्हिल शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीचा आहे. काँक्रीटच्या चाचणीचा अहवाल तिला मराठीत लिहायचाय आणि ‘क्रॅक प्रोपगेशन’साठी ‘भेगेचा प्रसार’ चालेल का, असं ती विचारते.

कळेल सगळ्यांना, पण मी तसं लिहिणार नाही.

आधी भेग. उन्हाळ्यात मंगळवेढ्याची काळी रानं बघा. ओल उडते, माती आकसते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. टाचांनाही भेगाच पडतात. त्यात घाई नसते. तडा जातो तो ताण सोसेनासा झाला की: काचेला, कपबशीला, शहाबादी फरशीला. ‘तड्’ हा आवाज त्या शब्दातच ऐकू येतो. म्हणून ओलं काँक्रीट उन्हात सुकताना वर दिसतात त्या भेगा, आणि तुमच्या यंत्राखाली भार देऊन जातो तो तडा. ‘चीर’ही चालली असती, पण तिचं अनेकवचन ‘चिरा’, आणि चिरा म्हणजे घडीव दगडही. बांधकामाच्या अहवालात हा घोळ कशाला?

आता क्रियापद. पसरतं ते तेल, साथ, अफवा. म्हणजे चहूकडे जाणारं काहीतरी. तडा एका टोकाने पुढे जातो. तेव्हा ‘तडा सरकणे’ किंवा ‘वाढत जाणे’ म्हणा. वेग फार वाढला की त्याला फाटे फुटतात, आणि तिथे ‘फाटे’ हाच शब्द अचूक आहे.

हा शब्दाचा कीस नाही, कारण सगळा खेळ टोकाशीच असतो. काचवाला हिरकणीने नुसती रेघ ओढतो, काच आरपार कापत नाही. मग हलकासा दाब दिला की ती रेघेवर सरळ दुभंगते. हे असं का होतं, याचा हिशेब ब्रिटिश अभियंता ग्रिफिथने 1921 साली काचेवरच मांडला. तडा पुढे गेला की साठलेली ऊर्जा सुटते, आणि नवे पृष्ठभाग उघडायला ऊर्जा लागते. सुटणारी जास्त झाली की तडा आपोआप धावतो. काचेत सेकंदाला दीड किलोमीटरच्या आसपास. तडा चौपट लांब असेल तर निम्म्या ताणालाच तो सुटतो.

चाचणीत तुळईला मुद्दाम कापून ठेवता ती ‘खाच’. तिला तडा म्हणू नका. खाचेच्या टोकापासून निघतो तो तडा. ‘तोंड’ आणि ‘टोक’ हे शब्दही वेगळे ठेवा, कारण उघडणं मोजता ते तोंडाशी आणि ताण एकवटतो तो टोकाशी.

‘ब्रिटल’ला ‘भंगुर’ नको, ‘ठिसूळ’ लिहा. आपली कडक भाकरी नावाने कडक, पण गुणाने ठिसूळ: वाकत नाही, मोडते.

चाचणी संगणकावर उभी केली असेल, तर त्या सिम्युलेशनला सिम्युलेशनच राहू द्या. फक्त फेज-फील्ड पद्धत वापरली असेल, तर ‘पसरणे’ एका जागी घ्यावंच लागेल. तिथे तड्याची धारदार रेघ नसते. प्रत्येक बिंदूला 0 ते 1 मधला एक आकडा असतो, 0 म्हणजे धड आणि 1 म्हणजे मोडलेलं. त्यामुळे तडा अरुंद पट्ट्यात पसरवून दाखवलेला असतो. तरीही त्या पट्ट्याचं टोक पुढे जातं, तेव्हा तो सरकतोच.