मार्ग दोन, तरी कॉल मिनिटभर अडकतात

प्रश्न: आमच्या एक्स्चेंजच्या ६४ केबीपीएसच्या एसएस७ (टेलिफोन सिग्नलिंगची जुनी पद्धत) लिंक काढून सगळं सिग्नलिंग, म्हणजे कॉल जोडण्या-तोडण्याचे मेसेज, आयपीवर नेलं: खाली पाकिटं पोचवणारा एससीटीपी प्रोटोकॉल, वर एसएस७चे मेसेज त्यावरून नेणारा एमथ्रीयूए. दोन्ही टोकांना दोन-दोन आयपी पत्ते आहेत. तरी मुख्य मार्गावरचा राउटर बंद पडला तेव्हा मिनिटभर कॉल धड लागेनात. दुसरा मार्ग शाबूत होता. असं का झालं? एससीटीपीऐवजी इंटरनेटवरचं नेहमीचं टीसीपी बरं पडलं असतं का?
– नेटवर्क विभागातील एक वाचक

उत्तर: टीसीपीचं आधी उरकतो. नाही. टीसीपीत सगळ्यांची एकच रांग. एका कॉलचं पाकीट हरवलं की ते पुन्हा येईपर्यंत मागचे सगळे कॉल खोळंबतात. एससीटीपीत वेगवेगळे स्ट्रीम, म्हणजे स्वतंत्र रांगा, असतात, शिवाय एकाच जोडणीला दोन पत्ते चालतात. टेलिफोन सिग्नलिंगची ही गरज ओळखूनच २००० साली आरएफसी २९६० हे एससीटीपीचं मानक आलं.

आता तुमचं मिनिट. माझा संशय सरळ टायमरवर आहे. मूळ सेटिंगमध्ये आरटीओ (पोच न आल्यास मेसेज पुन्हा पाठवण्याआधी थांबायचा वेळ) किमान १ सेकंद आणि पाथ मॅक्स रीट्रान्स (एका मार्गावर लागोपाठ किती वेळा पोच चुकली तर चालेल तो आकडा) ५ असतो. पोच आली नाही की थांबण्याचा वेळ दर वेळी दुप्पट होतो. १, २, ४, ८, १६, ३२. बेरीज ६३ सेकंद. सहाव्यांदा वेळ संपल्यावरच तो मार्ग मेला असं एससीटीपी मानतं. तोवर नवा प्रत्येक मेसेज आधी त्याच मेलेल्या मार्गावर जातो. हरवलेला मेसेज दुसऱ्या मार्गाने पुन्हा निघतो खरा, पण तो आरटीओ संपल्यावर. तोवर फोन करणारा वैतागून फोन ठेवतो! जुन्या लिंकवर ०.५ ते २ सेकंदांत पोच नाही आली, तर एमटीपी२ (एसएस७चा लिंक सांभाळणारा थर) ती लिंक काढायचं आणि वाहतूक दुसरीकडे वळायची. दोन मार्ग आहेत म्हणजे ‘रिडंडंट’ म्हणून विकणारे हा फरक सांगत नाहीत.

मी आरटीओ किमान ३०० मिलिसेकंद, कमाल १ सेकंद आणि पाथ मॅक्स रीट्रान्स २ ठेवतो. म्हणजे ०.३, ०.६ आणि १.०, एकूण १.९ सेकंद. पण तुमच्या मार्गावर जाण्या-येण्याचा वेळच जास्त असेल तर आकडा वाढवा, नाहीतर चांगला मार्गही उगाच बाद होईल. पोच पाठवायलाही समोरचा २०० मिलिसेकंद थांबू शकतो, त्यामुळे किमान आरटीओ त्याहून खाली नेऊ नका. असोसिएशन मॅक्स रीट्रान्स (सगळे मार्ग धरून अख्ख्या जोडणीसाठीची तीच मर्यादा) हाही ४ वर आणा. दोन मार्गांच्या पाथ मॅक्स रीट्रान्सच्या बेरजेपेक्षा तो जास्त नको. आणि हे दोन्ही टोकांना करायचं. समोरच्याचे टायमर तुमच्या हातात नसतात, त्याला तसं लेखी कळवा.

चाचणी घेताना स्वतःच्या मशीनची केबल उपटू नका. पोर्ट डाऊन झाल्याचं मशीनला लगेच कळतं आणि चाचणी बहुधा पास होते. मधल्या राउटरवर फिल्टर लावून प्रोटोकॉल १३२ ची, म्हणजे एससीटीपीची, पाकिटं गुपचूप टाकून द्या आणि कॅप्चरमध्ये (पाकिटांच्या नोंदीत) दोन रीट्रान्समिशनमधलं अंतर बघा.