डेक 200 स्क्वेअर फुटांच्या आत असला तरी परमिट लागतं का?

प्रश्न: नमस्कार ताई, आम्ही मागच्या वर्षी शिकागोच्या उपनगरात घर घेतलं. किचनच्या स्लायडिंग दरवाजाबाहेर 12 बाय 16 फुटांचा डेक करायचाय, घराला जोडून, जमिनीपासून 4 फूट उंच, शेजारी पेव्हरचा छोटा पॅटिओ. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो 200 स्क्वेअर फुटांच्या आत आहे, परमिट नको. खरंय का?

उत्तर: नाही दादा, परमिट काढाच. तो 200 चा आकडा आयआरसी या मॉडेल कोडमधलाच आहे, म्हणजे घरबांधणीच्या नमुना नियमावलीतला, पण त्या सवलतीला चार अटी एकदम लागतात, म्हणजे 200 च्या आत हवा, कुठेही जमिनीपासून 30 इंचांपेक्षा उंच नको, घराला जोडलेला नको आणि बाहेर पडायच्या मुख्य दरवाजापुढे नको. तुमचा 192 भरतो पण 48 इंच उंच आहे आणि घराला जोडलेला आहे, मग सवलत कसली! शिवाय व्हिलेजचे, म्हणजे तुमच्या उपनगराच्या स्थानिक प्रशासनाचे, स्वतःचे नियम याहून कडक असू शकतात, तिथे फोन करून विचारा.

मला सगळ्यात काळजी वाटते ती लेजर बोर्डची, म्हणजे डेक घराला जोडतात ती फळी. ती नुसत्या खिळ्यांवर ठोकलेली अजिबात चालणार नाही, बोल्ट किंवा स्ट्रक्चरल स्क्रू हवेत आणि वर फ्लॅशिंग, म्हणजे पाणी आत जाऊ न देणारी पट्टी, नाहीतर पाणी मुरून आतलं लाकूड कुजतं आणि वरून काही कळतसुद्धा नाही. 2003 च्या जूनमध्ये शिकागोच्या लिंकन पार्क भागात पार्टी चालू असताना लाकडी पोर्च कोसळून 13 जण गेले हो. उद्या गणपतीला तुमच्याकडेही तीस माणसं ताटं घेऊन डेकवर उभी राहतील.

फूटिंग, म्हणजे खांबांखालचा काँक्रीटचा पाया, आपल्या शिकागो भागात 42 इंच खोल लागतं, कारण थंडीत माती गोठून फुगते आणि उथळ खांब वर उचलते. काँक्रीट ओतायच्या आधी खड्डे इन्स्पेक्टरला दाखवायचे. कठडा निदान 36 इंच, आणि गजांमधून 4 इंचाचा चेंडू जाता कामा नये, लहान मुलांचं डोकं अडकू नये म्हणून.

पॅटिओ जमिनीलगत असला तरी बऱ्याच व्हिलेज पाण्याचा निचरा आणि ईझमेंट (तुमच्या जागेतली, पण इतरांना वापरायचा हक्क असलेली पट्टी) बघतात, घर घेताना मिळालेला प्लॅट ऑफ सर्व्हे, म्हणजे जागेच्या मोजणीचा नकाशा, शोधून ठेवा, अर्जाला तोच जोडायचाय. एचओए (घरमालकांची संघटना) असेल तर त्यांची परवानगी वेगळी. आणि खणायच्या काही दिवस आधी 811 ला फोन करा, तो इलिनॉयच्या ज्युली या सेवेला लागतो, ते कंपन्यांना कळवतात आणि कंपन्यांची माणसं फुकट येऊन गॅस-विजेच्या लाइनींच्या खुणा करून जातात.