१० ऑगस्टच्या मूक साक्षीची तयारी

प्रिय,

प्रभूच्या नावाने सलाम.

भुसावळच्या तरुण संघाने १० ऑगस्टला रस्त्यावर उभं राहायचं ठरवलं, मनापासून आनंद झाला. आता आधी निवेदन लिही, फलक नंतर. फलकापासून सुरुवात केली की मागणी धूसर राहते. मागणी एकच: १० ऑगस्ट १९५० च्या अनुसूचित जाती आदेशातला, धर्माची अट घालणारा तिसरा परिच्छेद रद्द करा. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध दलितांना दार उघडलं. ख्रिस्ती आणि मुस्लिम दलित बाहेरच राहिले. ही दुरुस्ती संसदेच्या हातात आहे, तहसीलदाराच्या नाही. म्हणून निवेदन राष्ट्रपतींच्या नावे, ‘मार्फत जिल्हाधिकारी, जळगाव’. दोन प्रती ने. दुसरीवर आवक क्रमांक, शिक्का आणि तारीख पडल्याशिवाय कचेरीतून हलू नकोस.

नवापूर-नंदुरबारकडचे मावची, भिल्ल बंधुभगिनी सोबत आले तर त्यांना याच मागणीत घुसडू नका. अनुसूचित जमातीला धर्माची अट नाही, त्यांचा दाखला आजही शाबूत आहे. त्यांच्यापुढचा धोका ‘डीलिस्टिंग’चा, म्हणजे धर्मांतरितांना जमातीच्या यादीतून वगळण्याच्या मागणीचा, आणि त्यासाठी निवेदन वेगळं हवं. दोन्ही एकात मिसळलंत तर त्यांच्याच दाखल्यांवर बोट ठेवायला निमित्त मिळेल.

पोलीस ठाण्यात आठ-दहा दिवस आधी अर्ज दे. जिल्ह्यात महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ चा मनाई आदेश पुष्कळदा लागू असतो. अर्जात जागा, वेळ, अंदाजे संख्या आणि दोन जबाबदार माणसांचे फोन लिही. लाऊडस्पीकर नकोच.

ऑगस्टच्या पावसात पुठ्ठा भिजून लोंबतो, पोस्टर कलर ओघळतो. कापडावर ऑइल पेंट वापरा. अक्षर तीन इंचांचं असलं की तीस फुटांवरून नीट वाचता येतं. एका फलकावर पाच-सहाच शब्द. त्या दिवशी सुवार्तेच्या पत्रिका वाटू नका. एक पत्रिका दिसली की बातमी धर्मांतराची होते, न्यायाची राहत नाही.

आधीच्या रविवारी मंडळीतच, म्हणजे आपल्या चर्चमध्येच विचारा: आपल्या सोयरिकीत, पंचकमिटीत, दफनभूमीत जात पाहिली जाते का? पत्रकार हे विचारणारच, आणि त्यांनी विचारायलाच हवं.

अमेरिकेतल्या मॉन्टगोमेरीच्या कृष्णवर्णीय मंडळ्यांनी ५ डिसेंबर १९५५ ला बसमधल्या वर्णभेदाविरुद्ध बसबहिष्कार सुरू केला आणि तो ३८१ दिवस टिकवला. भाषणं गाजली, पण लोक रोज कामावर पोचले ते मंडळ्यांनी लावलेल्या मोटारींमुळे, ठरलेल्या थांब्यांवरून. तेव्हा ११ ऑगस्टपासूनची कामं आत्ताच माणसांच्या नावानिशी वाटून टाक. महिन्याने माहितीच्या अधिकारात अर्ज करायचा, १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून: अमुक आवक क्रमांकाचं निवेदन कोणत्या तारखेला, कोणत्या जावक क्रमांकाने पुढे गेलं? हा अर्ज कोण करणार, ते मला कळव.